एका पायावर तयार

हिप-हॉप हा शब्द प्रभाकर टिपणिसांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो तक्रारीच्या रूपात. रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी देवस्थळी दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात त्यांच्याच गाडीचा बाजूचा आरसा होता.

"टिपणीस, हे तुमच्या नातीच्या हिप-हॉपचं काम," असं म्हणून त्यांनी तो आरसा चपलांच्या कपाटावर ठेवला.

नात म्हणजे उर्वी. तिचे आईवडील नोकरीपायी बंगळूरला आणि ती कॉलेजसाठी डोंबिवलीत आजीआजोबांकडे. पोरगी संध्याकाळी खाली मैत्रिणींशी गप्पा मारायला जाते, अशी टिपणिसांची समजूत होती. चौकशीअंती असं निघालं, की ती पार्किंगमध्ये जाऊन डोक्यावर उभी राहते, त्याच अवस्थेत गरागरा फिरते, आणि तिचे पाय नक्की कुठे पोचतात हे त्या दिवशी शेजारी कुणाची गाडी उभी आहे त्यावर अवलंबून असतं.

विषय सोसायटीच्या सभेत गेला. सोसायटीच्या सभेत विषयाचा निकाल लागत नाही, त्याला फक्त सल्ले फुटतात. पोरीला भरतनाट्यमला घाला, त्यात निदान माणूस पायांवर उभा असतो, असं दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सुचवलं. एकाने योगासनांची बाजू मांडली. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तो दर सभेत निघतोच. अखेर पार्किंगमध्ये नाचायला बंदी असा ठराव लिहिला जाऊ लागला, तेव्हा टिपणीस उठले आणि पोरांनी मग जायचं कुठे, असं त्यांनी विचारलं. देवस्थळी ठराव लिहिता लिहिताच म्हणाले, "तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या इमारती काढल्यात. आता पोरांसाठी एखादी स्वतःची काढा की."

सभेत हशा पिकला. टिपणीसही हसले, पण ते वाक्य त्यांना आत कुठेतरी बसलं.

कारण ते खरं होतं. ठाण्यात नौपाड्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. वागळे इस्टेटमधल्या कितीतरी कारखान्यांचे जिने, छपरं आणि मुताऱ्या त्यांच्या पेन्सिलीतून उतरल्या होत्या. पण उद्घाटनाच्या दिवशी दगडावर नाव असे ते आर्किटेक्टचं, आणि एका उद्घाटनाला तर ऐन फीत कापायच्या वेळी टिपणिसांना समोसे आणायला धाडलं होतं. ते परत आले तेव्हा फीत कापून झाली होती आणि समोसे कमी पडले होते. एक तरी इमारत आपल्या मनाची, आपल्या रेघेची व्हावी, ही इच्छा त्यांनी पेन्शनीबरोबर घरी आणली होती. आता भर सभेत ते बोलून गेले, "काढतो. पोरांना जागा मी करून देतो."

उर्वी तेव्हा दाराशी उभी होती. तिने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि आजोबांकडे पाहिलं. एवढ्याशा गोष्टीने टिपणिसांना रात्री दोन घास जास्त गेले.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. मुळात त्यांना एक खोड होती. खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय हलायला लागे, आणि त्याबरोबर खुर्ची, टेबल आणि टेबलावरचा चहा हलायला लागे. "अहो, पाय हलवू नका, घरातली लक्ष्मी जाते," असं सरोजताई लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या. लक्ष्मी कधी भरघोस आलीच नव्हती, त्यामुळे ती गेली की नाही हे तपासायची सोय नव्हती. आता तर पाय झोपेतसुद्धा हलू लागला.

पहिलं काम म्हणजे हिप-हॉप समजून घेणं. उर्वी त्यांना वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. तिथे पॅकिंग खात्यात कामाला असलेली रसिका नावाची मुलगी मालकाकडून सुटीच्या दिवशी जागा मागून घ्यायची आणि उर्वीची सगळी टोळी तिथे जमायची. रसिका डोंबिवलीलगतच्या कोपरच्या जुन्या गावातली, आगऱ्यांची पोर. बाकीचे नाचत, ही माईक धरून बोलत असे, आणि असं बोले की ऐकणाऱ्याला आपला श्वास संपल्यासारखं वाटे. पोरांनी गोल कडं केलं होतं. त्या कड्याला सायफर म्हणतात, असं उर्वीने सांगितलं. टिपणीस वही उघडून कड्याच्या कडेला स्टुलावर बसले आणि रसिकाने त्यांच्याकडे बघूनच सुरुवात केली.

"काकांच्या खिशात पेन्सिलींची रांग, काका, जागा कुठं हाय ते आधी सांग. कागदावर हॉल, हॉलला टाळा, वाट बघून गेला आमचा उन्हाळा."

पोरं ओरडली. टिपणिसांना राग आला, पण तो मजकुराचा नव्हता. "सांग नव्हे, सांगा म्हणायचं," ते म्हणाले.

रसिकाने श्वाससुद्धा घेतला नाही. "बरं सांगा म्हणते, मान देते काका, पण मान देऊन जागा भेटते का?"

टिपणिसांनी वहीत मान खाली घातली आणि माहिती टिपायला सुरुवात केली. नाचणाऱ्या मुलांना बी-बॉय म्हणतात, मुलींना बी-गर्ल. ए-बॉय कुठे बसतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा उर्वीने कपाळाला हात लावला. फरशी गुळगुळीत पाहिजे, पण घसरडी नको. भिंत एक मोकळी पाहिजे, रंगवायला. टिपणिसांनी आयुष्यभर 'येथे लिहू नये' असं लिहिलेल्या भिंती काढल्या होत्या, तरी त्यांनी हेही टिपलं.

"आणि आबा, मेन म्हणजे," उर्वी म्हणाली, "राउंड संपला की मधोमध फ्रीझ पाहिजे. तो जितका वेळ धराल तितका सीन सॉलिड."

मधोमध फ्रीज, असं टिपणिसांनी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. एवढं नाचल्यावर पोरांना तहान लागणारच. फक्त फ्रीज धरायचा कशाला, हे त्यांना कळलं नाही. पण नव्या पिढीच्या सगळ्या गोष्टी एका दिवसात कळणार नाहीत, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

जागा कोपरलाच होती. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला महापालिकेचं एक समाजमंदिर कुलूप लावून पडलं होतं. आत महिपतशेठांच्या मंडळाचे मांडवाचे बांबू ठेवलेले असत. महिपतशेठ म्हणजे रसिकाच्या गावचे माजी नगरसेवक. त्या दिवसांत निवडणुका लांबल्या होत्या आणि गावोगावचे पुढारी एकतर माजी होते नाहीतर भावी. महिपतशेठ बॅनरवर दोन्ही लिहायचे.

टिपणिसांनी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड मांडला. घरातल्या माणसांनी ताटं मांडीवर घेतली. साध्या चौकोनी हॉलमध्ये त्यांनी एक मोठं वर्तुळ बसवलं आणि वर्तुळाच्या कडेने उतरत्या पायऱ्या, म्हणजे बसलेल्याला नाचणारा दिसेल आणि नाचणाऱ्याला कुणाची गाडी लागणार नाही. जमीन घोटीव सिमेंट-कोब्याची. माईकसाठी एक उंचवटा. मधोमध एक छोटा चौकोन, त्यात 'फ्रीज', आणि फ्रीजसाठी जमिनीतून वर येणारा प्लग. इतका सुबक प्लग आपण उभ्या नोकरीत काढला नव्हता, असं त्यांना वाटलं. काही रेघा पायामुळे वाकड्या आल्या, त्या त्यांनी पुन्हा मारल्या.

मग महापालिका. तिथे हा विषय पोपटराव नावाच्या गृहस्थांच्या टेबलावर गेला. पोपटराव वाईट नव्हते. त्यांनी टिपणिसांना खुर्ची दिली, आणि ती तिसऱ्या फेरीत. नकाशा त्यांनी आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, चांगला आहे म्हणाले.

"पण विषय काय लिहू? पैसा खेळाच्या निधीतला, तेव्हा विषय खेळाचा पाहिजे. आणि मराठीत पाहिजे. वरून कडक सूचना आहेत."

"हिप-हॉप केंद्र," टिपणीस म्हणाले.

"ते इंग्रजी झालं. हिप म्हणजे?"

टिपणिसांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक बाई डबा खात होत्या. "कमरेखालचा भाग," ते हळूच म्हणाले.

"मागचा का पुढचा?"

"बाजूचा म्हणता येईल."

पोपटराव विचारात पडले. "तो भाग साहेबांच्या सहीला जाणार नाही. बरं, हॉप म्हणजे?"

"एका पायावर उडी मारणे."

पोपटरावांचा चेहरा उजळला. "अहो, मग सरळ लंगडी म्हणा की."

टिपणिसांनी समजावण्याची शर्थ केली. ही एक संस्कृती आहे, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या पोरांनी जागा नाही, पैसा नाही, अशा परिस्थितीत रस्त्यावर उभी केलेली, असं सगळं ते बोलले. पोपटरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "संस्कृतीचं खातं वरच्या मजल्यावर," ते म्हणाले. "त्यांच्याकडे निधी नाही. आणि लिफ्ट बंद आहे."

टिपणिसांचे गुडघे त्या आठवड्यात दुखत होते. शिवाय आयुष्यभराच्या अनुभवाने त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती, की बांधणारा माणूस विषय वाचत नाही, नकाशा वाचतो. नाव लंगडी असो की लगोरी, वर्तुळ तर आपलंच उठणार. "लिहा काय ते, पण पुढे सरकवा," ते म्हणाले. पोपटरावांनी सुंदर अक्षरात 'लंगडी व तत्सम क्रीडा केंद्र' असं लिहिलं. तत्सम हा शब्द त्यांनी टिपणिसांच्या समाधानासाठी घातला होता.

घरी येऊन त्यांनी उर्वीला एवढंच सांगितलं, की काम झालं.

आणि काम खरोखरच झालं, तेही अशा वेगाने की टिपणीस चकित झाले. एरवी महापालिकेतला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मध्ये दिवाळी येते. हा मात्र धावत सुटला. आपल्या वर्तुळाचाच हा प्रताप, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. खरा प्रकार असा होता, की क्रीडा खात्याच्या समीक्षा मॅडम शाळेत असताना जिल्ह्यातर्फे लंगडी खेळलेल्या होत्या. आपल्या मातीतला खेळ म्हणून कुणीतरी केंद्र मागतं आहे, हे पाहून त्यांना भरून आलं होतं.

महिपतशेठही खूष झाले. "आपल्या गावच्या पोरांसाठी चाललंय म्हंजे आपण एका पायावर तयार," ते म्हणाले, आणि बांबू त्यांनी शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात हलवले. नकाशा बघताना त्यांचं बोट वर्तुळाच्या मधोमध थांबलं. "टिपणीससाहेब, मधी फ्रीज कशाला?"

"मुलांची मागणी आहे."

"बरोबर हाय. पोरांना थंड पानी पायजेच. फ्रीज आपल्याकडून."

काम महिपतशेठांच्या पुतण्याने, सुशांतने घेतलं. कोबा पडायच्या आधीच एक दिवस टेम्पोतून फ्रीज आला. लालभडक होता आणि त्याच्या दारावर महिपतशेठांचा हात जोडलेला फोटो होता. चार माणसांनी तो आणून बरोबर मधोमध, प्लगवर उभा केला. उर्वी, रसिका आणि त्यांची टोळी तेव्हा तिथेच होती. थोडा वेळ कुणाला काही कळलं नाही. मग उर्वीच्या डोक्यात उजेड पडला आणि ती हसता हसता खाली बसली.

"आबा, फ्रीज नाही ओ. फ्रीझ. हे बघा." तिने जमिनीवर एक हात टेकला, पाय वर उचलले, अंग तिरपं केलं आणि तशीच थांबली. हललीच नाही. वाऱ्यावर फक्त तिची वेणी हलत होती. "असं थांबायचं. याला फ्रीझ धरणं म्हणतात. नाचणारा असा थांबला की समजायचं, तो जिंकला."

टिपणीस त्या पोरीकडे बघत राहिले. आपल्याला आयुष्यात एक क्षण असं थांबता आलेलं नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि का कुणास ठाऊक, त्यांना फार छान वाटलं. फ्रीज परत करणं शक्य नव्हतं, शेठांचा फोटो होता. समोर पायऱ्या न केलेल्या बाजूला वर्तुळ जिथे भिंतीला टेकत होतं, तिथे तो सरकवला आणि मधल्या प्लगवर पितळेचं झाकण बसवलं. वर्तुळाचा मध्य म्हणून ते झाकण पुढे फारच शोभलं, आणि तो विचार पहिल्यापासून होता असं टिपणीस सांगू लागले.

कोबा घोटून झाला. तो इतका नितळ झाला होता, की टिपणीस रोज कोपरला जाऊन त्यावर नुसते फिरून यायचे. उर्वी त्यांच्याबरोबर जायची. रस्त्यात ती त्यांना काय काय सांगायची, जे आजवर तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बंगळूरला तिला करमत नसे, तिकडे तिचं कुणी नव्हतं, इथे ही टोळी होती. "ही जागा गेली ना आबा, तर आम्ही सगळे पांगणार," ती एकदा म्हणाली. "रसिकाच्या वर्कशॉपचा मालक पण आता नको म्हणतोय." टिपणीस म्हणाले, जाते कशी, मी काढली आहे.

आणि मग ट्रक आला.

टिपणीस तेव्हा घरी टेबलाशी पाय हलवत बसले होते. कोपरला दारात रसिका उभी होती. ट्रकवाल्याने काच खाली करून तिला विचारलं, "लंगडीच्या ग्राउंडची माती कुठे टाकू?" चुकीचा पत्ता, असं तिने सांगितलं. त्याने शांतपणे वरच्या बाजूला बोट दाखवलं. सकाळीच सुशांतच्या माणसांनी दरवाजावर बोर्ड चढवला होता, 'लंगडी व तत्सम क्रीडा केंद्र', आणि त्याखाली बारीक अक्षरात, टिपणिसांनी फार दिवस वाट पाहिली होती त्या जागी, 'संकल्पना: प्रभाकर टिपणीस'.

संध्याकाळी उर्वी घरी आली ती आवाज न करता. देवस्थळींचा आरसा अजून चपलांच्या कपाटावरच होता, त्याच्या शेजारी तिने घराची किल्ली ठेवली.

"आजोबा, लंगडी तुम्ही लिहिली?"

एरवी ती आबा म्हणायची. टिपणिसांनी पोपटराव, निधी, कमरेखालचा भाग आणि लिफ्ट, सगळं क्रमाने सांगितलं. सांगताना ते स्वतःलाच पटेनासं झालं.

"म्हणजे हिप-हॉप म्हणजे लंगडी, असं तुम्ही सही करून दिलंत. आणि मला सांगितलं काम झालं."

"नाव काय गं, नाव बदलता येईल..."

"नावाचं नाही. त्या मॅडम माती भरणार आहेत. सुशांतला फोन आलेला. उद्घाटनाला येतील तेव्हा बघतील, आणि कोबा फोडून माती." ती आत गेली. रसिका तिच्या मागे दाराबाहेरच उभी होती. ती काही बोलली नाही, यमक नाही, काही नाही, आणि ते टिपणिसांना त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं.

सरोजताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "लंगडी लिहिताना तुम्हाला काही वाटलं नाही?" त्यांनी विचारलं. टिपणीस म्हणाले, वाटलं होतं. "मग?" टिपणिसांनी कप बाजूला सरकवला. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त फुटलेला कोबा येत होता, आणि त्यावर लाल माती, आणि मातीखाली पितळेचं झाकण.

पुढचे दिवस त्यांनी येरझाऱ्यांत काढले. महापालिकेत गेले, तर पोपटराव रजेवर. महिपतशेठांकडे गेले, तर शेठ म्हणाले, "लंगडी आपलाच खेल हाय साहेब, पोरं दोन्ही खेलतील," आणि भाषण पाठ करायला बसले. देवस्थळींनी स्वतःहून घरी येऊन सल्ला दिला, की लंगडीचं मैदान झालं तर ज्येष्ठांना सकाळी फिरायला बरं. उर्वी घरात होती, पण तिचा मुक्काम हेडफोनच्या आत होता.

उद्घाटनाच्या दिवशी फीत महिपतशेठांनी कापली. या वेळी फीत कापताना टिपणीस जागेवर हजर होते, पण त्यांचं लक्ष फितीकडे नव्हतं. समीक्षा मॅडम पन्नाशीच्या, काटक बाई, पायात बूट. त्या थेट वर्तुळात उतरल्या, कोब्यावर बुटाचं टोक घासलं आणि मान हलवली. बाहेर मातीचा ढीग होता, सुशांतची माणसं घण घेऊन उभी होती. पायऱ्यांवर उर्वी, रसिका आणि टोळी बसली होती. देवस्थळी पुढच्या पायरीवर होते, सरोजताईंच्या शेजारी.

"टिपणीस साहेब, बांधकाम सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण लंगडी मातीत खेळतात. या कोब्यावर एका पायावर उडी मारली की पाय निसटलाच. कोबा फोडून माती भरा, मग ताबा घेते. मुलींच्या हाडांची जबाबदारी माझ्यावर आहे."

टिपणिसांनी वर्तुळाकडे पाहिलं. मग पायऱ्यांकडे. उर्वी त्यांच्याकडेच बघत होती, सभेच्या दिवशी दारातून पाहिलं होतं तशी.

"घसरत नाही," ते म्हणाले. "गुळगुळीत आहे, घसरडा नाही. मी फिरलो आहे रोज."

"दोन पायांवर फिरलात."

टिपणिसांनी चपला काढल्या. पँटच्या पायाला दोन घड्या घातल्या. खिशातल्या पेन्सिली काढून देवस्थळींच्या हातात दिल्या. "अहो, काय करताय," सरोजताई म्हणाल्या. "तुमची कंबर." पण तोवर त्यांनी डावा पाय उचलला होता.

पहिल्या उडीला सुशांतची माणसं दारातून आत डोकावली. दुसऱ्या उडीला महिपतशेठ खुर्चीतून अर्धे उठले. तिसऱ्या उडीला समीक्षा मॅडमच्या आत लपलेली ती जिल्ह्याची खेळाडू जागी झाली, त्यांनी पर्समधून शिट्टी काढली आणि नकळत वाजवली. टिपणीस डगमगले. हात पसरून सावरले. चौथी उडी बरोबर पितळेच्या झाकणावर पडली, आणि तेव्हा पायऱ्यांवरून कुणीतरी तोंडाने ठेका धरला, धप, चिक, धप, चिक, उडीशी नेमका जुळणारा. पोरं टाळ्यांनी त्यात आली. मग रसिका उभी राहिली. माईक नव्हता, तिला लागतही नव्हता.

"काकांच्या पायात आज भरलाय वारा, कोबा हाय टणक, मॅडम, माती आवरा. घण ठेवा बाजूला, बघा हा माणूस, एका पायावर उभा, नाव टिपणीस."

यमक पुरतं जुळलेलं नव्हतं, पण ते त्या क्षणी टिपणिसांच्याही लक्षात आलं नाही. त्यांच्या छातीत नुसती धडधड चालली होती आणि घामाने चष्मा नाकावर आला होता. ज्या उजव्या पायाला आयुष्यभर बोलणी बसली, तो पाय आज एकटा त्यांना पेलत होता. समोर भिंतीशी लाल फ्रीज दिसत होता, दारावर हात जोडलेले महिपतशेठ. तिथपर्यंत गेलं की झालं, असं त्यांनी ठरवलं. देवस्थळी पेन्सिली छातीशी धरून "सावकाश टिपणीस, सावकाश" म्हणत होते. शेवटच्या दोन उड्या त्यांनी डोळे मिटून मारल्या आणि फ्रीजच्या हँडलला हात घातला.

"घसरले नाहीत," समीक्षा मॅडम म्हणाल्या. "पाय टेकला नाही, रेघेबाहेर गेले नाहीत. नियमात बसतं सगळं." त्यांनी सुशांतच्या माणसांना घण खाली ठेवायची खूण केली आणि उभ्या उभ्याच शेरा लिहिला, की जमीन लंगडी व तत्सम खेळांस योग्य आहे, माती नको. पोपटरावांचा तत्सम अखेर कामाला आला. पोरांनी जो गलका केला तो खाडीपर्यंत गेला असेल. बोर्ड तसाच राहील आणि शनिवारी सकाळी आपल्या मुली खेळायला येतील, असंही मॅडमनी सांगितलं, आणि कुणाचीच हरकत नव्हती.

गलका ओसरला, तरी टिपणीस फ्रीजपाशीच होते. डावा पाय मागे हवेत, अंग तिरपं, एक हात हँडलवर, मान छपराकडे. कमरेत उसण भरली होती, चांगली खालपासून वरपर्यंत. श्वास घेतला तरी कळ येत होती. पोरं त्यांच्याकडे बघून एकेक करून आदराने उभी राहिली. फोटोवाला पुढे सरसावला. सरोजताई टक लावून नवऱ्याच्या पायाकडे बघत होत्या. तो हलत नव्हता.

उर्वी वर्तुळ ओलांडून त्यांच्याजवळ आली. चेहरा बघताच तिला सगळं कळलं. तिने फोटोवाल्याला दिसणार नाही अशा बेताने त्यांच्या कमरेखाली आपला खांदा लावला.

"आबा, अजिबात हलू नका," ती पुटपुटली. "सगळे बघतायत. फ्रीझ धरा."

"धरलाय," प्रभाकर टिपणीस म्हणाले.